ऑप्टोमेट्री का निवडली, असे विचारले तर काय सांगू?

वाचकाचे पत्र

“मी सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहते. यंदा बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाले. नीटमध्ये एमबीबीएसला प्रवेश मिळण्याइतके गुण पडले नाहीत, म्हणून मी बॅचलर ऑफ ऑप्टोमेट्री, म्हणजे दृष्टी तपासण्याच्या आणि चष्म्याचा नंबर काढण्याच्या शिक्षणाच्या पदवीसाठी अर्ज करायचे ठरवले आहे. चौथीत असताना मला पहिला चष्मा लागला आणि आता माझा नंबर दोन्ही डोळ्यांना मायनस सहा आहे. पहिल्यांदा चष्मा लावला तेव्हा झाडाची पाने सुटी सुटी दिसली, तो आनंद मला अजून आठवतो. मामा म्हणतात, यात रात्रीच्या ड्युट्या नाहीत, मुलींसाठी बरे क्षेत्र आहे, शिवाय परदेशात मागणी आहे. बाबांचे म्हणणे असे की, चष्म्याच्या दुकानात बसण्यासाठी चार वर्षे आणि एवढे पैसे कशाला घालवायचे? महाविद्यालयात मुलाखत असते आणि ‘हेच क्षेत्र का?’ हा प्रश्न हमखास विचारतात, असे ऐकले. माझी कारणे पुरेशी आहेत का? मुलाखतीत काय सांगू?

एक गोष्ट सांगायची राहिली. मागच्या वर्षी शिबिरातून आजीच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. तिला रस्त्यावरचे माणूस लांबून ओळखू येऊ लागले, पण तांदळातले खडे दिसेनात. घरात सगळे म्हणाले की ऑपरेशन बिघडले. मीच तिला पुन्हा रुग्णालयात नेले. तिथल्या सरांनी जवळचा नंबर काढून दिला आणि प्रश्न सुटला. पण नवीन भिंगातून लांबचे स्वच्छ दिसते, तर जवळचे का दिसत नाही, हे मला तेव्हा कोणी सांगितले नाही आणि अजूनही नीट कळलेले नाही.”

उत्तर

तुमच्या पत्रात पाच कारणे आहेत. त्यांपैकी चार तुम्ही कारणे म्हणून लिहिली आहेत आणि पाचवे ‘सांगायचे राहिले’ म्हणून शेवटी जोडले आहे. माझ्या मते वजन आहे ते त्या पाचव्यालाच. पण तिथे जाण्याआधी बाकीच्या चारांचा हिशेब करून टाकू, कारण मुलाखत घेणारे त्यांच्यावरच बोट ठेवतील. प्रवेशाच्या मुलाखती घेणाऱ्यांमध्ये मीही अनेकदा बसले आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय ऐकू येते, ते मला ठाऊक आहे.

पहिले कारण नीटचे. ते लपवू नका. ऑप्टोमेट्रीच्या कोणत्याही वर्गात पहिल्या दिवशी हात वर करायला सांगितले, तर वैद्यकीय प्रवेश हुकला म्हणून आलेली मुले बरीच निघतील आणि त्यांतली कितीतरी पुढे उत्तम ऑप्टोमेट्रिस्ट होतात. अडचण गुण कमी पडण्यात नाही. वर्गात बसून मनाने दुसऱ्याच महाविद्यालयात असण्यात आहे. तुम्हाला शस्त्रक्रिया करायची असेल, नावामागे ‘डॉक्टर’ लागल्याशिवाय समाधान होणार नसेल, तर एक वर्ष थांबून पुन्हा नीट देणे अधिक प्रामाणिक ठरेल. ऑप्टोमेट्रिस्ट शस्त्रक्रिया करीत नाही. तो दृष्टी तपासतो, नंबर काढतो, चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स किंवा दृष्टिसाहाय्याची साधने देतो, दोन्ही डोळे एकत्र काम करतात की नाही ते पाहतो आणि आजाराची चाहूल लागताच नेत्रतज्ज्ञाकडे पाठवतो. यातले हे ‘पाठवणे’ कमीपणाचे वाटणारा मनुष्य या कामात लवकर कडू होतो, हे मी पाहिले आहे.

पाठवणे म्हणजे केवळ चिठ्ठी लिहिणे नव्हे, हे एका नेहमीच्या प्रसंगावरून लक्षात येईल. सत्तरीतले आजोबा येतात आणि मोठ्या अभिमानाने सांगतात की, आता त्यांना वर्तमानपत्र वाचायला चाळिशी लागत नाही, ती आपोआप सुटली. घरच्यांनाही कौतुक असते. प्रत्यक्षात अशा वेळी पुष्कळदा डोळ्यातील भिंगाचा मधला भाग मोतीबिंदूमुळे घट्ट होऊ लागलेला असतो, त्यामुळे डोळा मायनसकडे सरकतो, जवळचे बिनचष्म्याचे दिसू लागते आणि लांबचे मात्र हळूहळू धूसर होत जाते. दुसरा प्रसंग मधुमेहाचा. पन्नाशीतली बाई म्हणते की, दोन महिन्यांपूर्वी केलेला चष्मा आता चालत नाही, दुकानदाराने फसवले. रक्तातील साखर वरखाली झाली की भिंगाची शक्ती बदलते, आणि त्या दिवशी काढलेला नंबर साखर आटोक्यात आल्यावर उपयोगाचा राहत नाही. अशा वेळी नवा चष्मा विकण्याऐवजी साखर तपासून यायला सांगणे आणि बाहुली मोठी करून पडदा तपासण्यासाठी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवणे हेच योग्य काम असते, आणि ते ओळखायला तो नंबर का बदलला हा प्रश्न पडावा लागतो.

दुसरे कारण तुमच्या स्वतःच्या चष्म्याचे. ते खरे आहे यात मला शंका नाही. पण झाडाची पाने मुलाखतीत बहुतेकांना दिसलेली असतात, आणि ऐकणाऱ्याला त्यातून एवढेच कळते की तुम्ही चांगल्या रुग्ण होता. स्वतःचा अनुभव सांगायचाच असेल, तर त्याच्या पुढे एक पाऊल टाका. मायनस सहाचा चष्मा तुम्ही रोज वापरता. त्याच्या काचा मध्याकडे पातळ आणि कडेला जाड का असतात, त्यातून तुमचे डोळे समोरच्याला लहान का दिसतात, नंबर दर वर्षी का वाढत गेला आणि तो वाढण्याचा वेग कमी करण्यासाठी आज काय केले जाते, यांपैकी एखाद्या प्रश्नाच्या मागे तुम्ही लागला असाल, तर ती गोष्ट सांगण्याजोगी आहे. ऑस्ट्रेलियाचे ऑप्टोमेट्रिस्ट आणि संशोधक ब्रायन होल्डन यांच्या नावाने असलेल्या संस्थेतील अभ्यासकांनी २०१६ साली असा अंदाज प्रसिद्ध केला की, २०५० पर्यंत जगातील सुमारे निम्म्या लोकांना लांबचे कमी दिसण्याचा दोष असेल. मुलांचा मायनस नंबर वाढण्याचा वेग कमी करणारे कमी तीव्रतेचे अ‍ॅट्रोपिनचे थेंब, विशेष रचनेच्या चष्म्याच्या काचा आणि कॉन्टॅक्ट लेन्स आता उपलब्ध आहेत, आणि मोकळ्या उजेडात खेळणाऱ्या मुलांमध्ये हा दोष सुरू होण्याचे प्रमाण कमी असते, हेही दिसून आले आहे. तुमच्या लहानपणी यांतले किती तुमच्या गावापर्यंत पोहोचले होते, हा विचार तुमच्या मनात आला, तर आठवणीतून कारण तयार होऊ लागले असे समजा. (जाता जाता: मायनस सहाच्या डोळ्यात पडदा ताणलेला असतो आणि तो फाटण्याची किंवा सुटण्याची जोखीम इतरांपेक्षा जास्त असते. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घेता ना? नसाल घेत, तर अर्जाआधी ते करा. आणि डोळ्यासमोर अचानक विजा चमकल्यासारखे किंवा काळे ठिपके वाढल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.)

मामांच्या दोन कारणांबद्दल थोडक्यात सांगते. ‘मुलींसाठी बरे क्षेत्र’ हे वाक्य मला कधीच आवडलेले नाही. रात्रपाळी सहसा नसते हे खरे, पण चष्म्याची दालने रविवारी आणि संध्याकाळीच भरलेली असतात, शिबिराची गाडी पहाटे निघते आणि मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळपासून उभे राहावे लागते. आरामासाठी येणाऱ्याची निराशा होईल. परदेशाचे म्हणाल, तर आपली पदवी हातात घेऊन विमानात बसले की काम सुरू, असे कुठेच नाही. अमेरिकेत ऑप्टोमेट्रिस्ट होण्यासाठी ‘डॉक्टर ऑफ ऑप्टोमेट्री’ ही पदवी लागते. तिथले विद्यार्थी ती आधीच्या पदवी शिक्षणानंतर चार वर्षे शिकून मिळवतात. ब्रिटनमध्ये जनरल ऑप्टिकल कौन्सिलकडे नोंदणी झाल्याशिवाय काम करता येत नाही. आखाती देशांत भारतीय ऑप्टोमेट्रिस्ट काम करतात, पण तिथेही परवाना काढावा लागतो. परदेशी जाण्याची इच्छा असण्यात गैर काही नाही. मात्र ती एकमेव इच्छा असेल, तर तालुक्यातील रुग्णालयात इंटर्नशिप करताना प्रत्येक दिवस वाया गेल्यासारखा वाटेल, आणि नेमक्या त्याच दिवसांत माणूस हे काम शिकतो.

आता बाबांचा प्रश्न. तो मला या पत्रातला सर्वांत न्याय्य प्रश्न वाटतो आणि त्याला चिडून उत्तर देऊ नये. आपल्याकडे चष्म्याचे दुकान कोणीही उघडू शकतो, कोपऱ्यावरच्या दुकानातही यंत्रावर हनुवटी टेकवली की अर्ध्या मिनिटात नंबरची चिठ्ठी बाहेर येते. मग चार वर्षे कशाची, असे वडिलांना वाटले तर नवल नाही. त्यांना तुमच्याच चष्म्यावरून समजावून सांगा. काचेचा मध्य आणि डोळ्याच्या बाहुलीचा मध्य जुळले नाहीत, तर काच प्रिझमसारखी, म्हणजे प्रकाश एका बाजूला वळवणाऱ्या तिरप्या काचेसारखी वागते. किती, ते काढायला साधा गुणाकार आहे, सेंटिमीटरमधील अंतर गुणिले काचेचा नंबर. मायनस सहाच्या काचेचा मध्य अर्धा सेंटिमीटर चुकला, तर एका डोळ्यासमोर तीन प्रिझम डायॉप्टर (प्रिझमचे माप) उभे राहतात. नंबर अगदी बरोबर असूनही डोके दुखते, अक्षरे हलतात, मुलगी अभ्यासाला बसत नाही आणि घरचे म्हणतात की मोबाइल पाहून डोळे बिघडले. दुकानातले काम हे असे मोजण्याचे काम आहे, आणि ते न शिकता करणारे पुष्कळ असले तरी त्यामुळे ते न शिकण्याचे काम ठरत नाही.

यंत्राचेही तसेच आहे. आपोआप नंबर काढणारे यंत्र उपयोगी आहे, मीही ते वापरते, पण लहान मूल यंत्रात पाहताना जवळ पाहिल्यासारखा डोळ्यावर ताण देते आणि यंत्र त्याला नसलेला मायनस नंबर लावते. म्हणून मुलांच्या डोळ्यांत थेंब घालून तो ताण सैल करतात आणि मग रेटिनोस्कोपने नंबर काढतात. या उपकरणातून उजेडाची पट्टी बाहुलीवर फिरवली की आतून परत येणारी लालसर छाया पट्टीबरोबर सरकते किंवा उलट दिशेने जाते. समोर एकेक काच धरीत ती छाया हलायची थांबेपर्यंत जायचे आणि तपासणाऱ्याच्या अंतराची वजाबाकी करायची. दोन तृतीयांश मीटरवर बसला असाल तर दीड, अर्ध्या मीटरवर असाल तर दोन. समोरच्या मुलाने एक शब्दही बोलण्याची गरज नसते. बोलता न येणारे बाळ, गतिमंद मूल, परकी भाषा बोलणारा स्थलांतरित मजूर, या सगळ्यांचा नंबर असाच निघतो. पहिल्यांदा ती छाया थांबलेली दिसते, तेव्हा काही विद्यार्थ्यांचे चेहरे उजळतात आणि काहींना ‘बरे, जमले’ एवढेच वाटते. मी शिकवते तेव्हा त्या क्षणी त्यांच्याकडे लक्ष ठेवते. गुणपत्रिकेतून जे कळत नाही ते तिथे कळते.

याच कौशल्यावर एखाद्या मुलाचा एक डोळा वाचू शकतो. एका डोळ्याला मोठा प्लस नंबर आणि दुसरा डोळा ठीक, अशी मुले कधीच तक्रार करीत नाहीत, कारण चांगल्या डोळ्याने त्यांचे सगळे चाललेले असते. मेंदू कमजोर डोळ्याचे चित्र वापरणे सोडून देतो आणि तो डोळा आळशी होतो. लहान वयात लक्षात आले, तर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर काही तास पट्टी, एवढ्यावर दृष्टी बरीच परत येते; वय वाढत जाते तसा उपचाराचा परिणाम कमी होत जातो. शाळेच्या तपासणीत एकेक डोळा नीट झाकून पाहिला, की हे सापडते. दोन्ही डोळे उघडे ठेवून तक्ता वाचून घेतला, किंवा मुलाने बोटांच्या फटीतून पाहिलेले लक्षात आले नाही, तर ते मूल ‘नॉर्मल’ म्हणून वर्गात परत जाते आणि पुढे वाहनपरवान्याच्या किंवा पोलीस भरतीच्या तपासणीत हे उघडकीस येते. बाबांना आकडेच हवे असतील, तर जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा दृष्टीविषयक अहवाल सांगा: जगात किमान २२० कोटी लोकांची लांबची किंवा जवळची दृष्टी अधू आहे आणि त्यांतील किमान १०० कोटींच्या बाबतीत ती टाळता आली असती किंवा अजूनही तिच्यावर इलाज व्हायचा आहे. त्या शंभर कोटींत सर्वांत मोठा गट साध्या चाळिशीचा चष्मा न मिळालेल्यांचा आहे.

बाबांच्या शंकेतला एक भाग मात्र मी खोडून काढणार नाही. या क्षेत्रात सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि काही नोकऱ्यांमध्ये तुमचे मोल किती अचूक तपासता यावर न ठरता महिन्याला किती चष्मे विकले गेले यावर ठरते. जुना चष्मा अजून वर्षभर चालेल, हे दिसत असताना नवा घ्यायला सांगण्याचा आग्रह वरून होतो. ज्याच्याकडे या कामात असण्याचे स्वतःचे कारण नसते, तो अशा ठिकाणी दोन वर्षांत विक्रेता होतो आणि त्याला ते कळतही नाही. म्हणून ‘हेच क्षेत्र का’ हा प्रश्न मी मुलाखतीपुरता मानत नाही. त्याचे उत्तर तुम्हाला पहिल्या नोकरीत मुलाखतीपेक्षा जास्त लागणार आहे. धर्मादाय नेत्ररुग्णालये, ग्रामीण रुग्णालयातील नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याची जागा, कॉन्टॅक्ट लेन्सचे विशेष काम, अंशतः दृष्टी असलेल्यांचे पुनर्वसन, अध्यापन, स्वतःचे छोटे केंद्र असे इतर मार्ग आहेत, पण त्यांतले बहुतेक पहिल्या दिवशी समोर उभे नसतात.

आता आजींकडे येते. तुमचा प्रश्न अनुत्तरित राहिला आहे, तो आधी सोडवते. तरुण डोळ्यातील भिंग लवचिक असते. लांब पाहताना ते चपटे राहते, जवळ पाहताना डोळ्यातील स्नायू आकुंचन पावतात, भिंग फुगते आणि त्याची शक्ती वाढते. वयाबरोबर ही लवचिकता कमी होते, म्हणून चाळिशी लागते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत गढूळ झालेले भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवतात. नेहमीचे कृत्रिम भिंग एकाच अंतरासाठी निवडलेले असते आणि त्याला फुगता येत नाही. आजींचे भिंग लांबच्या अंतरासाठी निवडले होते, त्यामुळे रस्त्यावरचा माणूस ओळखू आला. तांदूळ निवडताना सूप साधारण तेहतीस सेंटिमीटरवर असते. एक मीटर भागिले तेहतीस सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ तीन, म्हणून त्या अंतरासाठी सुमारे प्लस अडीच ते तीनची जोड लागते. रुग्णालयातील सरांनी तीच दिली. ऑपरेशन बिघडलेले नव्हते. जखम भरून नंबर स्थिर झाल्यावर जवळचा चष्मा घेण्यासाठी परत या, हे आजींना कोणी सांगितले नसेल, किंवा शिबिराच्या गर्दीत सांगितलेले त्यांच्यापर्यंत पोहोचले नसेल.

आता तुम्ही काय केलेत ते पाहा. घरातील सर्वांनी एक निष्कर्ष काढलेला असताना तुम्हाला त्यात विसंगती दिसली: लांबचे सुधारले आणि जवळचे नाही, मग ‘बिघडले’ हा शब्द जुळत नाही. तुम्ही त्यांना परत नेलेत. आणि प्रश्न व्यवहारापुरता सुटल्यावरही ‘का’ हा भाग तुमच्या मनात वर्षभर राहिला, इतका की माझ्यासारख्या अनोळखी व्यक्तीला लिहिताना तो आठवला. ऑप्टोमेट्रीच्या कामाचा गाभा हाच आहे. समोरचा माणूस काय करू शकत नाही हे त्याच्याच शब्दांत ऐकायचे (आजींची तक्रार ‘जवळची दृष्टी कमी’ अशी नव्हती, ‘खडे दिसत नाहीत’ अशी होती), त्यातून मोजता येईल असा प्रश्न तयार करायचा, मोजायचे, आणि उत्तर पुन्हा त्याच्या सुपापर्यंत नेऊन पोहोचवायचे. शिंप्याला तीस सेंटिमीटरवर दिसावे लागते, किराणा दुकानदाराला गल्ल्यावरचे आणि फळीवरचेही, हार्मोनियम वाजवणाऱ्याला हातभर अंतरावरचे स्वरलेखन. एकाच वयाच्या तिघांना एकच नंबर लिहून दिला, तर तिघांपैकी दोघे चष्मा कपाटात ठेवतील.

हे काम रोज तेच तेच असते, हेही सांगितले पाहिजे. ‘ही काच बरी की ती?’ हा प्रश्न तुम्ही दिवसभर विचाराल आणि उत्तर देणारा प्रत्येक जण घाबरलेला असेल की, आपण चुकीचे सांगितले तर चुकीचा चष्मा मिळेल. म्हातारी माणसे तुम्हाला खूश करण्यासाठी ‘दोन्ही छान’ म्हणतात. शाळकरी मुली कधी कधी चष्मा हवा म्हणून आणि कधी नको म्हणून खोटे वाचतात. शेवटच्या रुग्णालाही तो प्रश्न सकाळच्याच आवाजात विचारता येणे हा स्वभावाचा भाग आहे. तो थोडा शिकता येतो, पण मुळात अजिबात नसेल तर पदवीने येत नाही. तुमच्यात तो आहे की नाही, हे पत्रावरून मला सांगता येणार नाही, पण तुम्हाला स्वतःला अर्ज भरण्याआधी ते तपासता येईल.

त्यासाठी एक काम करा. आजींचा नंबर ज्यांनी काढला, त्या सरांना भेटा आणि त्यांच्या खोलीत काही दिवस कोपऱ्यात बसू देता का, असे विचारा. बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. या कामाकडे कोणी उत्सुकतेने पाहायला येणे तसे दुर्मीळच असते. शक्य झाल्यास एखाद्या मोठ्या नेत्ररुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आणि एखादे चष्म्याचे दुकानही पाहा. वही जवळ ठेवा, पण रोगांची नावे लिहू नका. कशाचा कंटाळा आला, कुठे पुढे वाकून पाहावेसे वाटले आणि रुग्ण गेल्यावर कोणता प्रश्न विचारावासा वाटला, तेवढेच लिहा. चौथ्या-पाचव्या दिवशी वहीत प्रश्न वाढत असतील, तर मुलाखतीची तयारी झाली. कंटाळाच वाढत असेल, तर बाबांचे पैसे आणि तुमची चार वर्षे वाचली, आणि त्यात खंत वाटण्यासारखे काही नाही.

मुलाखतीत ‘लहानपणापासून आवड’, ‘समाजसेवा’, ‘डोळा हा सर्वांत मौल्यवान अवयव’ ही वाक्ये टाळा. ती खोटी नसतात, पण ती इतकी घासलेली आहेत की त्यातून तुम्ही दिसत नाही. नीटचे विचारले तर एका वाक्यात खरे सांगा आणि पुढे जा. मग आजींची गोष्ट सांगा, तीही भावुक न होता: काय तक्रार होती, घरच्यांना काय वाटले, तुम्हाला काय खटकले, नंतर तुम्ही काय शोधून काढले आणि त्यातून पुढचा कोणता प्रश्न पडला. पुढचा प्रश्न खरोखरच पडायला हवा. उदाहरणार्थ, एका डोळ्यात लांबचे आणि दुसऱ्यात जवळचे भिंग बसवले तर? किंवा एकाच भिंगात दोन्ही अंतरे बसवली तर काय गमवावे लागते? उत्तर येत नसेल तर ‘माहीत नाही, पण इथे तेच शिकायचे आहे’ एवढे पुरते. पदार्थविज्ञानाचा प्रकाशावरचा भाग उजळून घ्या. पहिल्याच वर्षी तो पुन्हा भेटणार आहे आणि ज्यांनी जीवशास्त्राच्या भरवशावर बारावी काढली, त्यांना तिथेच ठेच लागते.

बाबांच्या समाधानासाठी दोन गोष्टी हाताशी असू द्या. ऑप्टोमेट्रीचे शिक्षण आपल्याकडे नवे नाही. १९५८ साली अलीगड आणि हैदराबाद येथे त्याच्या शाळा सुरू झाल्या आणि १९८५ साली चेन्नईच्या शंकर नेत्रालयाने आपले ऑप्टोमेट्री महाविद्यालय काढून चार वर्षांची पदवी सुरू केली. महाराष्ट्रात पुण्याच्या भारती विद्यापीठात आणि मुंबईच्या लोटस महाविद्यालयात हा अभ्यासक्रम आहे, हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतही तो शिकवला जातो आणि तिथली ग्रामीण दृष्टिकेंद्रांची रचना एकदा जाऊन पाहण्यासारखी आहे. दुसरे म्हणजे, २०२१ साली संसदेने सहायक व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात ऑप्टोमेट्रिस्टचा स्पष्ट उल्लेख आहे, आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान ३६०० तासांचे शिक्षण ठरवलेले आहे आणि राज्य परिषदेकडे नोंदणीची तरतूद आहे. प्रवेशाचे आणि अभ्यासक्रमाचे नियम या कायद्याप्रमाणे आकार घेत असल्यामुळे, मागच्या वर्षीच्या एखाद्या ओळखीच्या मुलीच्या सांगण्यावर न जाता यंदाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

महाविद्यालय निवडताना इमारत आणि वसतिगृह पाहण्यात वेळ घालवू नका. पदवी कोणत्या विद्यापीठाची आहे, महाविद्यालयाला जोडलेले नेत्ररुग्णालय आहे का, तिथे रोज रुग्ण येतात का, लहान मुलांचा आणि अंशतः दृष्टी असलेल्यांचा वेगळा विभाग आहे का, इंटर्नशिप कुठे करावी लागते आणि तिचे विद्यावेतन मिळते की उलट शुल्क भरावे लागते, हे विचारा. शिवाय विद्यार्थ्यांच्या हातात रेटिनोस्कोप कोणत्या वर्षी येतो आणि शेवटच्या वर्षापर्यंत ते खऱ्या रुग्णांवर किती वेळा वापरतात, हे कार्यालयात न विचारता दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारा. त्यांनी एकमेकांकडे पाहून हसून विषय बदलला, तर तिथे अर्ज करू नका.